शिवण तपासताना

ज्ञानू भोई आला तेव्हा
मी वाकळेचा तिसरा थर अंथरत होते.
दारातून आधी केशरी काहीतरी आत आलं,
माणसाएवढं, हातपाय लोंबणारं,
त्याच्यामागून ज्ञानू.

"भाच्यानं धाडलाय. नॉर्वेत बोटीवर असतो.
तिथं म्हणं तळ्यावर हातभर बर्फ धरतो,
त्याला भोक पाडून लोक गळ टाकून बसत्यात.
बर्फ फुटला, माणूस आत गेला,
तर हे बुडू देत न्हाई. भिजू देत न्हाई. गारठू देत न्हाई."
मग जरा थांबून,
"गुडघ्याला फाटलंय तेवढं बघा, वहिनी."

आमच्या बामणोलीत बर्फ धरत नाही.
वर वेण्णाकाठी कधी गवतावर दव गोठतं,
लोक गाड्या थांबवून ते नखानं खरवडतात.
आमचं पाणी पौषातल्या पहाटे
चुलीवर ठेवल्यासारखं वाफाळतं,
हात घातला की कळतं.

ते काढायला जाणारे काय घालतात?
दोन बंड्या, मधे युरियाची पिशवी,
कानाला मफलर, पाय उघडे,
बुडाखाली ट्रकची ट्यूब.
ज्ञानूचा आजा भोपळ्यांची सांगड बांधायचा.
ती अजून माळ्यावर आहे,
एक भोपळा उंदरांनी पोखरलेला.

माझा माणूस घोंगडी पांघरून जायचा.
तिच्यासारखी ऊब नाही,
कोरडी असेपर्यंत.
वर काढली तेव्हा दोघांना उचलली नाही.
मी कुंपणावर टाकली,
तीन दिवस ठिबकत होती.
अकरा वर्षं झाली त्याला. असो.

सूट उलटा केला.
आत स्पंजाचे थर, बोटाएवढी चेन,
मानेशी एक चिठ्ठी परक्या अक्षरांची,
तिच्यावर चित्र:
पाण्यात उभा माणूस, डोकं वर.
तोंड काढलेलं नाही,
पण घाई नाही त्याला, एवढं दिसतं.

अडचण अशी की सुई म्हणजे भोक.
वाकळेला हजार भोकं चालतात,
तिला धरतातच ती.
इथं एकेका टाक्यातून पाणी आत येणार.
मुनीरच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणलं,
ट्यूबचं ठिगळ कापलं, घासलं, चिकटवलं,
वरून बारीक टाके, टाक्यांवर परत सोल्युशन.
घरभर सायकलचा वास.

आता शिवण तपासायला हवी,
हे मी मशीनला सांगितलं,
दिव्याला सांगितलं,
आणि साडी खोचून आत शिरले.

लाँचच्या धक्क्यापलीकडे उतार आहे.
चांदणं होतं, धुकं कमरेएवढं.
कुत्रं भुंकलं, मग त्याला माझा वास ओळखू आला.
पाणी घोट्याला आलं. गुडघ्याला. पोटाला.
बाहेरून दाबत होतं सगळीकडून,
भाकरीच्या पिठासारखं,
आत मी कोरडी.

मग पाय सुटले.

अकरा वर्षं या पाण्याकडे
पाठ करून कपडे धुतले मी.
आता ते मला घेत नव्हतं.
मी टाच खाली रेटली,
त्यानं परत वर आणून ठेवली.
केस तेवढे भिजले, कानात पाणी,
आणि पाण्यातून तो आवाज,
लांब कुठंतरी साखळी हलते तसा.
नाव घेतलं नाही मी.
ऊब इतकी होती की राग आला.

डाव्या गुडघ्यावर, सातव्या नाहीतर आठव्या टाक्याशी,
एक थेंब आत आला.
मग दुसरा.
बर्फासारखा, पण एकाच जागी,
कुणी बोट टेकवून ठेवल्यासारखा.
लगेच निघायला हवं होतं.

सकाळी तो टाका परत बुजवला.
ज्ञानूनं चेन वरखाली करून पाहिली.
"तपासलं?"
"तपासलं. चाळीस रुपये."
त्यानं दहाच्या चार नोटा काढल्या,
देता देता थांबला.
"वहिनी, केस वलं कसं?"
"न्हाले."
"एवढ्या गारठ्यात?"
मी नोटा मोजल्या.
चारच होत्या, तरी पुन्हा मोजल्या.