मागच्या रविवारचं सातवं गाणं

दर शुक्रवारी कुरियरवाला दोन तबकड्या देऊन जायचा.
सही घ्यायचा, पाणी मागायचा.
सोबत एक कागद: कुठल्या मिनिटाला गाणं,
कुठल्या मिनिटाला मोकळी जागा.
कितीतरी देशांत त्याच रविवारी
तोच माणूस चाळीसपासून खाली मोजत यायचा
आणि गावोगावी वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय.

मोकळी जागा नव्वद सेकंदांची.
ती भरणं माझं काम.
त्यानं श्वास घ्यायला थांबावं
आणि मी त्या श्वासात लक्ष्मी रोडचे शालू,
हडपसरचे प्लॉट, मूळव्याधीवर बिनटाक्याचा इलाज
विकावा, असा आमचा धंदा.
बावीस वर्षांचा होतो. त्याचं इंग्रजी निम्मं कळायचं,
पण तो थांबणार कधी, ते त्याच्याआधी कळायचं.

त्याला पुणं ठाऊक नव्हतं.
'तुम्ही जिथं असाल तिथं' म्हणायचा.
आम्ही असायचो सेनापती बापट रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली बादली लावून.

एका शुक्रवारी तबकड्या आल्याच नाहीत.
कस्टममध्ये अडकल्या म्हणे.
साहेब म्हणाले, मागच्याच लाव, कोणाला कळतंय?

लावल्या.
सातवं गाणं संपता संपता फोन वाजला.
'मी हिल्डा उजागरे, खडकी बाजार.
बाळ, हे मागच्या रविवारीही सातवंच होतं.'
म्हटलं, असतं बाई, काही गाणी हलत नाहीत.
'चाळीसच्या चाळीस?'

पहिल्यालाच शंका आली होती तिला.
पण खात्री होईस्तोवर बोलायचं नाही,
ही दारूगोळा कारखान्याची सवय.
तेहतीस वर्षं काडतुसांचा हिशेब लिहिला,
आणि रविवारी गाण्यांचा,
लघुलहरींवर खरखरीतून कान देऊन ऐकायची तेव्हापासून.
वह्या किती झाल्या? 'ट्रंकेचं झाकण लागत नाही.'

मग म्हणाली, 'अरे, रेडिओवर काहीच येत नाहीये.'

जाहिरात लावायची राहिली होती.
पन्नास सेकंद अख्ख्या पुण्यात
कोणी कोणाला काहीही विकत नव्हतं.

साहेबांनी त्याचे पैसे पगारातून कापले.
बुधवारी तबकड्या आल्या, शिळ्या,
आता त्या कधीच हवेत जाणार नव्हत्या.
सगळे घरी गेल्यावर मी खडकीला फोन लावला.
म्हटलं, लिहून घेता का?

चाळीस, म्हणालो. एकोणचाळीस.
नावं माझ्या तोंडात धड बसत नव्हती,
ती स्पेलिंग विचारायची, मी अक्षर अक्षर सांगायचो,
तिच्या पेनाची खसखस ऐकू यायची.
तो माणूस दोन तासांत संपवायचा ते
मला पावणेतीन लागले.

दुसऱ्यावर आलो तशी म्हणाली, 'थांब.
इथं जाहिरात असते ना?'

थांबलो.
तिच्या बाजूनं एक मालगाडी जाऊ लागली,
लांबलचक, रिकाम्या डब्यांचा खडखडाट.
ती बोलली नाही. मोजत असणार.

'अठ्ठेचाळीस,' म्हणाली.
'हं, आता सांग पहिलं.'