काफा

शनिवारी नेयाफूच्या दवाखान्यात
दोन भाऊ पाळीपाळीने काट्यावर चढतात.
दोघंही एकशे चौदा.
काटा एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.
धाकटा, लिसियाते, हसतो :
"बघ, आईनं वाढताना दुजाभाव केला नाही."

मी इथली नर्स. मला त्यांच्या चार पिढ्या ठाऊक,
त्यांना माझ्या.
बेटावर कुणी कुणाला परकं नसतं
म्हणून तर खरं बोलायला जीभ जड होते.

नवं यंत्र आलंय, बोटीने.
अनवाणी उभं राहायचं त्याच्या गार पत्र्यांवर,
मुठीत दोन दांडे धरायचे,
मग एक बारीक वीज अंगभर हिंडून येते
शेजारीण घरात डोकावून येते तशी,
आणि कागदावर सगळं सांगून टाकते :
पाणी इतकं, हाड इतकं, स्नायू इतका, चरबी इतकी.

लिसियाते कोनफळांचे वाफे खणतो,
त्याचं वजन मांड्यांत आहे, पाठीत आहे.
थोरला पेनिसिमानी बंदरावर, कस्टमच्या खुर्चीत,
बावीस वर्षं.
त्याचं वजन आत गेलंय,
पोटाच्या तळघरात, आतड्यांच्या आजूबाजूला.

पट्टा दंडावर फुगतो. उतरतो.
लिसियाते : एकशे बावीस.
पेनिसिमानी : एकशे शहात्तर, खाली एकशे आठ.

"चुकलं असेल. पुन्हा बघ."
पुन्हा बघते.
रागाचे आणखी चार वाढतात.

मी सांगायला लागते :
चरबी नुसती पडून राहात नाही, पेनि.
ती वस्ती वसवते, गल्ल्या काढते,
प्रत्येक गल्लीला रक्त पोचवायचं
आणि पंप मात्र तोच, आईच्या पोटातून आणलेला.
मूत्रपिंडं तिच्यात दाबून बसलीत,
मिठाला सोडत नाहीत...

"माझ्या आजोबांना उचलायला सहा माणसं लागायची,"
तो म्हणतो. "सगळं गाव ताठ मानेने चालायचं."

यावर काय बोलणार.
भरल्या घराची खूण भरलं अंग,
हे मीही याच मातीत शिकले.

कंबर मोजायची, म्हणून तो ताओवाला सोडतो,
लग्नाला, मयताला, ऑफिसला गुंडाळायची ती चटई,
आणि तिच्यावरचा काफा,
पणजीच्या केसांची वळलेली दोरी.
माझी टेप हातातच राहते.
तोच दोरीवरचे वळ दाखवतो, एकेक :
"ही बाबांची गाठ.
ही माझ्या लग्नातली.
ही आत्ताची."
आत्ताचीच्या पुढे चार बोटं दोरी.
बाबा बावन्नाव्या वर्षी गेले, प्रार्थनेत, उभ्या उभ्या.
तो पन्नास.

"केसात रक्त नसतं ना?"
नसतं.
"मग ही इतकी वर्षं इतकं ताणून कशी धरते?"

मी गोळ्यांची पट्टी त्याच्या खिशात घालते.
रोज एक. मटणाच्या डब्यावरचं मीठ वाच.
संध्याकाळी भावाबरोबर वाफ्यावर जा.
तो मान हलवतो, नक्की कशाला ते कळत नाही,
आणि काफा बांधतो.
जुन्या वळावर बांधून बघतो आधी,
श्वास आत ओढून,
मग सोडतो.

बाहेर लिसियातेने पिकअप सुरू करून ठेवलाय.
दोघं बसतात, एक इकडून, एक तिकडून.
गाडी दोन्हीकडे सारखीच दबते.