केसभर

कातोवित्सेच्या प्रयोगशाळेत मी केस मोजते.
महिन्याला एक सेंटिमीटर, साधारण;
डोक्यालगतचा तुकडा म्हणजे मागचा महिना,
पुढचा त्याच्या मागचा.
दळून मिथेनॉलमध्ये भिजवला की केस बोलतो.
माणूस नाही बोलत.

लुचयान खाणीतून वर आला तेव्हा पेपरात होतं:
आठशे मीटर खाली, बावन्न तास,
आणि केसालाही धक्का नाही.

एप्रिल लागता लागता मी त्याची बट कापली.
तिसऱ्या सेंटिमीटरला जानेवारी सापडला:
कॉर्टिसॉल कड्यासारखं उभं,
मग फेब्रुवारीचा उतार,
मार्चमध्ये जवळजवळ सपाटी.
शरीर तसं शहाणं. भोंगा थांबला की
पुन्हा पोटाकडे, झोपेकडे बघू लागतं.

तेक्ला नुसती सोबत आलेली.
"माझे कशाला? मला काय धाड भरलीय?"
दुखरा खांदा, रात्री तीनची जाग,
हिवाळाभर न मिटलेली बोटावरची चीर
हे तिनं कोट काढता काढता सांगितलं,
आजार म्हणून नव्हे.

तिच्या सहा सेंटिमीटरांत मी जानेवारी शोधला.
यंत्र दोनदा तपासलं.
चढ नाही, उतार नाही;
नोव्हेंबरही तेवढाच उंच, तेवढाच मार्च.
एकवीस वर्षं तो पाळीला उतरतो
आणि ती फोनकडे पाठ करून
बटाटे सोलते.

अहवालात आकडे भरले.
शेऱ्याच्या रकान्यात काही सुचेना.
दारातून वळून तिनं विचारलं,
आता रंगवले तर चालतील ना?