काय हेलिग

इथे शेताला काय म्हणतात.
हा प्रश्न नाही.
इथे शेताला ‘काय’च म्हणतात.
काय हेलिग, म्हणजे वाळुंजांचं शेत.
फाटकावर तेवढीच पाटी,
खाली एक मेंढी रंगवलेली, अर्धी शेवाळात गेलेली.

डोल्गेथ्लायहून बस, पुढे साडेतीन मैल पायी.
कार्डिफला लेकाने महिन्याची यादी केली होती :
किल्ला, संग्रहालय, पुन्हा किल्ला.
म्हटलं, हातांना काम असेल तिथे पाठव.
‘आई, तिथे पगार नसतो. खोली, जेवण आणि राबणं.’
माहेरी सुगीला गेले की हेच असायचं, म्हटलं.

एलुनेडने माझे बूट पाहिले. बोलली काही नाही.
वारलेल्या सासूचे आणून पुढे ठेवले,
दीड नंबर मोठे.
दोन मोजे चढवले की सासू बरोबर बसते.

ग्विलिम फाटकात उभा राहून मेंढ्या मोजतो.
कुत्रीसुद्धा तेव्हा जांभई देत नाही.
दहा झाल्या की एक खडा
या खिशातून त्या खिशात.
ईन, दाय, त्री, पेद्वार...
मी बादली घेऊन बाजूला, गिरणीतल्यासारखी,
आपल्याला न कळणाऱ्या मशीनपाशी उभी असावी तशी.
मग आलं : सैथ.
कान टवकारले.
मग आलं : नाउ.
‘नऊ!’ मी ओरडलेच.

मोजणी मोडली.
सगळा कळप थांबून माझ्याकडे पाहू लागला.
तो काही बोलला नाही. सगळे खडे
परत पहिल्या खिशात. मेंढ्या परत पहिल्या कुरणात.
दुसऱ्या खेपेला आठनंतर थांबला,
भुवई वर करून.
मी हळूच म्हटलं, नऊ.
‘नाउ,’ तो म्हणाला, आणि नववी सोडली.

गोठ्यात गेल्या सालची लोकर पोत्यांत तशीच पडलेली.
कातरणाऱ्याची मजुरीही तिच्यातून सुटत नाही.
मी चिमूटभर ओढून घेतली, थुंकी लावली, पीळ दिला.
इचलकरंजीत एकवीस वर्षं सुताचे काउंट लिहिले,
बोटं आपोआप अंदाज बांधू लागली.
कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.
एलुनेड ती कोबीच्या वाफ्यात पसरते.
गोगलगाई येत नाहीत म्हणे.

अकराव्या रात्री, तीनच्या सुमारास,
एकीचं मेलेलंच आलं.
पलीकडे एकीला तीन झाली होती आणि सड दोनच.
ग्विलिमने खिशातून चाकू काढला,
खड्यांच्याच खिशातून.
वाटलं होतं मी बाहेर निघून जाईन.
टॉर्च मीच धरला.
मेलेल्याची कातडी, पायांना चार भोकं,
झबलं घालावं तशी तिसऱ्याला घातली.
मेंढीने हुंगलं. मागे सरली. पुन्हा हुंगलं,
शेपटीखाली बराच वेळ.
मग तिच्या गळ्यातून तो बारीक घोगरा आवाज आला,
जो ती एरवी कुणासाठीच काढत नाही.
कोकरू गुडघ्यांवर बसून ढुशा देऊ लागलं.
‘दोन दिवसांनी काढायचं,’ एलुनेड म्हणाली.
‘तोवर तिचं दूध त्याच्या अंगातून फिरतं.
मग त्याचाच वास तिला पुरतो.’

मी टॉर्च खाली केला.
उजेड बुटांवर पडला, सासूच्या.
डाव्याची नाडी मी केव्हातरी
माझ्या पद्धतीने बांधायला लागले होते.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते.
रविवारी लेकाचा फोन.
‘आई, काय करतेस?’
खाली झबलं काढलेलं कोकरू
आईच्या मागून उड्या मारत चाललेलं.
हो रे, म्हटलं,
काय करते.