पार्टिशन

डिचोलीच्या दवाखान्यात आपल्या दोघांमध्ये
छत्तीस वर्षं एक प्लायवूड होतं.
एक टकटक : जरा इकडे.
दोन : चहा.
तीन एकदाच वाजल्या,
मयेच्या त्या पोराच्या वेळी,
तेव्हा मी भरलेली सिरिंज तशीच टाकून धावले.

काल सुतार ते उचकटून घेऊन गेला,
खाणीच्या लाल धुळीसकट.
वजनकाटा पावलीन नर्सने मागून नेला.
तुमचं अक्षर आता कुणालाच लावायचं नाही.

जेवताना तुम्ही समोर. इतके समोर
की काय बोलावं सुचेना.
हुमणात मीठ जास्त झालंय,
तेही पेशंटला सांगावं तसं सांगितलंत.

दुपारी आडवी झाले
तर पलीकडून, भिंतीवर,
एक.
मग बराच वेळ काही नाही.
मी चपला शोधतेय तोवर
दुसरी.