स्वतंत्र कागद जोडावा

सनदेच्या अर्जात एक रकाना होता:
‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?
असल्यास स्वतंत्र कागद जोडावा.’
मी ‘होय’ लिहिलं
आणि बाजीराव रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात
एक रुपयाला कोरा कागद मागितला.

त्यावर लिहिलं ते असं:
वय एकोणीस. कर्वे रस्ता. दुपारी एक.
झाडं तोडायला आलेल्या ट्रकपुढे
आम्ही सहा जण मांडी घालून बसलो.
लिहिलं नाही ते:
डांबर इतकं तापलं होतं
की ऋजुताने खाली जर्नलं अंथरली,
भौतिकशास्त्राची, सह्या झालेली.
हवालदार म्हणाले, उठा ताई.
मी म्हटलं, थांबवा.
एवढाच संवाद.
झाड चारला पडलं, आम्हाला सातला सोडलं.

आता शिवाजीनगर, चार नंबरचं गेट.
बँड रोज रात्री धुते, खिडकीच्या गजाला वाळत घालते.
सकाळी गळ्याशी बांधताना
अजूनही वाटतं, कुणीतरी कॉलर धरलीय.

माझ्या पहिल्या दाव्याचा मसुदा वाचून
गोवंडे सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
‘हे भाषण आहे. चांगलं आहे.
आता या ओरडण्याला परिच्छेद क्रमांक दे.’
राग आला. मग दिले.
परिच्छेद तीन: वादी गेली बावीस वर्षे सदर जागेत राहते.
परिच्छेद चार: नोटीस वादीस मिळालेली नाही.
क्रमांक दिले की राग उतरतो, असं ऐकलं होतं.
उतरला नाही.
फक्त रांगेत उभा राहिला.

जुने सोबती भेटतात टिळक रस्त्यावर, चहाला.
‘काय वकीलसाहेब, व्यवस्था काय म्हणते?’
‘पुढची तारीख म्हणते.’
ते हसतात, मीही हसते.
आणि घरी येताना, रात्री साडेअकराला,
रिकाम्या चौकात लाल दिव्याला माझी स्कूटर थांबते.
या गावात अशा वेळी कुणीही थांबत नाही.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून
शेवटी वळसा घालून जातो, जाताना वळून बघतो.
मी सेकंद मोजत उभी.
इतका राग
मला ट्रकवाल्याचाही आला नव्हता.

काल मालनबाईंच्या दारात जेसीबी होता, कालव्याकाठी,
आणि मी तिथे नव्हते.
मी कोर्टात होते, चौथ्या बाकावर, बोर्डावर सतरावी.
न्यायाधीश म्हणाल्या, ‘बोला.’
मी नोटिशीची पोच पुढे केली. पोचेवर अंगठा होता.
मालनबाई सही करतात.
रात्रशाळेत शिकलेली सही,
शेवटचा न पाय ओढत चालणारा.
ती रेशनच्या अर्जावर आहे, गॅसच्या पावतीवर आहे,
माझ्या वकीलपत्रावर आहे.
मग हा अंगठा कुणाचा?
महापालिकेचे वकील खोकले.
फाइल चाळली. पुन्हा खोकले.

टंकलेखकाच्या पडद्यावरची अक्षरं
मी मान वाकडी करून वाचत होते:
‘तूर्तास स्थगिती.’

तेरा वर्षांपूर्वी डांबरावर बसून
मी हेच म्हणत होते की.
फक्त तेव्हा शिक्का नव्हता,
आणि खाली कुणाची तरी जर्नलं होती.

जिन्यातूनच फोन लावला. ‘थांबलं,’ म्हटलं.
पलीकडे इंजिन घरघरतच होतं.
‘कागद दाखवा म्हणत्यात,’ मालनबाई म्हणाल्या.
कागदाचा फोटो पाठवला, ज्युनियरला स्कूटरवर पाठवलं,
वीस मिनिटं जिन्यातच बसले, कोटासकट, मांडी घालून.
येणारेजाणारे वकील बाजूने वळून गेले.
मग फोन आला. इंजिन बंद.
‘कुठवर?’
‘चौदा तारखेपर्यंत.’
‘मग पत्रा तरी नीट ठोकून घेते,’ त्या म्हणाल्या.

चौदाला उलटं गेलं तर
अपील करशील की दारात जाऊन बसशील,
हे गोवंडे सरांनी विचारलं नाही.
मीही आपण होऊन सांगितलं नाही.
येताना कोऱ्या कागदांचं एक रिम घेऊन आले.