घरापासून चार किलोमीटर

लष्करात आमचं घर. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापासून
टेम्पोनं चार किलोमीटर.
पहिल्या वर्षी एक्केचाळीस दिवस
ते अंतर मला कापता आलं नाही.

बाबा डबा आणायचे, गार्ड ठेवून घ्यायचा.
रात्री दोनला उघडला की गवारीची भाजी आंबलेली,
किंवा नसेलही; मला वास कळेनासे झाले होते.
मुरैन्याहून सुनेसोबत आलेल्या एका म्हातारीला पोळ्या द्यायचे,
डबा घासून परत पाठवायचे.
आई म्हणायची, चला, जेवतेय पोरगी.

माझं नाव सुहिता. मुद्दाम लिहून ठेवते,
कारण त्या वर्षी ते कुणी घेतलं नाही.
ए फर्स्ट इयर. ए मराठन.
राऊंडला, पेशंटच्या नवऱ्यासमोर:
"इसको डॉक्टर किसने बनाया?"
आणि तो नवरा बिचारा खाली बघायचा,
माझ्या वतीनं लाजून.

मारलं कुठे? कुणीच मारलं नाही.
आंघोळीला वीस मिनिटं लागली म्हणून बहात्तर तास ड्यूटी.
तीच केस शीट पाच वेळा, हातानं, पहिल्यापासून.
सगळ्यांसाठी कचोऱ्या आणायच्या, आपल्या पैशानं,
आणि कोपऱ्यात उभं राहून त्यांना खाताना बघायचं.
अशा गोष्टी अर्जात लिहिल्या
की लग्नातल्या रुसव्याफुगव्यांसारख्या दिसतात.

चौदा नंबरच्या खोलीत अंशुमन राहायचा, हाडांच्या विभागातला.
जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी, तो राऊंडला आला नाही.
आधी त्याची गैरहजेरी मांडली गेली,
मग कुणीतरी दार ठोठवायला गेलं.
समिती बसली. चहा आला.
अहवालात दोन शब्द: वैयक्तिक कारणं.
नंतर सगळ्यांना मनःशांतीसाठी योगासनं,
सकाळी सहाला, सक्तीची, हजेरी घेऊन.
रात्रपाळीवाल्यांना गैरहजर धरलं.

मी? मी ठीक होते.
ब्लड बँकेच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर
सात मिनिटं रडणं वेळापत्रकात बसवलं होतं.
कधी तिथे आधीच कुणी बसलेलं असायचं.
मग काही न बोलता आपण तिसऱ्या वळणावर जायचं.

आता मी सेकंड इयर.
काल रात्री भदौरिया, भिंडची,
क्रॉसमॅचचं सॅम्पल देऊन चार मिनिटं उशिरा आली.
टेबलावर बाई, रक्त थांबत नव्हतं,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते माझं वाक्य नव्हतं.
आवाज माझा, उच्चार मॅडमचा,
तो लांबवलेला "किसने"सुद्धा.

बाई वाचली. मी तीनला फाईल उचलली,
भदौरियाच्या दिशेनं.
फेकली नाही. पण त्याआधीच
तिनं डोळे मिटून घेतले होते,
सवयीनं, फ्लॅश पडणार हे माहीत असल्यासारखे.

फाईल खाली ठेवली. माफी मागायची होती,
आली नाही. म्हटलं, जा, चहा पिऊन ये.
ती जागची हलेना.
आमच्याकडे "चहा पिऊन ये" म्हणजे
परत येईस्तोवर काय काय होऊ शकतं
हे मलाच तर ठाऊक.

शेवटी दोघी गेलो. पहाटे पाच, फाटकाबाहेरचा ठेला.
तिनं ग्लास दोन्ही हातांनी धरला,
कुणी काढून घेईल असा.
बऱ्याच वेळानं मी विचारलं, नाव काय तुझं?
भदौरिया, मॅम.
ते नाही. नाव.
तिनं आधी मागे वळून बघितलं.
"दिव्यांशी."
तेवढ्यात वॉर्डातून फोन. अर्धा चहा टाकून ती पळाली.

ठेलेवाला पैशांसाठी तिच्याच पाठीकडे बघत राहिला,
नेहमी ज्युनियरच देतात म्हणून.
माझ्याकडून घ्या, म्हटलं.
लष्करचा पहिला टेम्पो समोर येऊन थांबला, रिकामा.
बसणार का, त्यानं विचारलं.